फिरत्या वसाहतीतल्या शेतकऱ्यांसाठी टिचकीचा खेळ हवाय, कथेसाठी मदत करा

काळी_माती

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घ विज्ञानकथा लिहायला घेतलीय आणि एका जागी अडकलेय म्हणून इथे विचारतेय. वसाहत म्हणजे अवकाशातलं एक मोठं फिरतं चाक, बाहेरच्या कडेच्या आतल्या अंगाला माती, वाफे, घरं, सातआठशे माणसं, आणि झाडून सगळी शेतीत. भात, डाळी, बटाटा, थोडा भाजीपाला. चाक मिनिटाला दोन फेरे घेतं, त्यामुळे पायाखाली पृथ्वीइतकंच वजन जाणवतं, त्या हिशेबाने त्रिज्या साधारण 224 मीटर येते (हे गणित मी दोनदा तपासून घेतलंय).

तर या लोकांचा एक खेळ हवाय. घरोघरी असेल असा, लाकडी पट आणि बोटाने टिचकी मारून सरकवायच्या चकत्या. कथेतली दोन मोठी भांडणं आणि एक समेट या पटाभोवती होतो, म्हणून तो नुसता शोभेचा असून चालणार नाही. आत्ता मी लिहिलंय ते असं की गोल पट, मध्ये खड्डा, खड्ड्यात चकती गेली की जिंकलात. पण वाचून बघितलं की खेळ वरून चिकटवल्यासारखा वाटतो, त्या माणसांच्या हातातून आलाय असं वाटतच नाही.

विचारायचंय ते एवढंच, की खऱ्या जगात शेतकऱ्यांमध्ये असा एखादा खेळ रुजलाय का आणि का रुजला, चाक फिरतंय तर चकती सरळ जाईल की वाकडी, आणि तिथे मिळणाऱ्या वस्तूंतून पट कशाचा बनवतील. अजून काही सुचलं तर तेही सांगा, सगळं वाचणार आहे.

वॉटर्लूकर

ताई, तुमचा खेळ खऱ्या जगात आहे आणि तो मी राहतो त्या भागातलाच आहे. क्रोकिनोल म्हणतात. आम्ही कॅनडातल्या ऑन्टारियोत किचनर-वॉटर्लूला असतो, इथून पश्चिमेला थोडं गेलं की पर्थ काउंटी लागते, सगळा शेतीचा मुलूख, बऱ्याच अंशी जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेला. आज माहीत असलेला सगळ्यात जुना क्रोकिनोल बोर्ड तिथलाच, 1876 चा, एखार्ट वेटलाउफर नावाच्या कारागिराने मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी केलेला. तो किचनरच्या जोसेफ श्नायडर हाउस या संग्रहालयात ठेवलाय. त्याच भागातल्या टॅव्हिस्टॉक गावात 1999 पासून जून महिन्याच्या पहिल्या शनिवारी जागतिक स्पर्धा भरते, म्हणजे विश्वविजेता ठरतो तो एका छोट्या शेतकरी गावात.

पट गोल, खेळायची जागा सुमारे 26 इंच व्यासाची, वर्तुळं काढलेली, बाहेरून आत 5, 10, 15 गुण आणि मधल्या खळग्यात चकती पडली की 20. पंधराच्या वर्तुळावर आठ खुंट्या उभ्या असतात आणि खेळाची सगळी मजा त्यांच्यात आहे, कारण समोरून सरळ खळग्याकडे मारायला फट अरुंद मिळते आणि जरा हुकलं की चकती खुंटीवर आपटून कुठेही जाते. पटाभोवती खोलगट कडं असतं, बाद झालेल्या चकत्या त्यात. दोघं असले की प्रत्येकी बारा चकत्या, चौघं असले की सहा सहा आणि समोरासमोरचे भागीदार.

पण तुमच्या कथेसाठी महत्त्वाचा नियम वेगळाच आहे. पटावर समोरच्याची एकही चकती असेल तर तुम्हाला तिला लागलंच पाहिजे, थेट किंवा आपल्या दुसऱ्या चकतीला ढकलून. नाही लागली तर तुमची मारलेली चकती तर जातेच, वाटेत तिने तुमच्या ज्या चकत्यांना स्पर्श केला त्याही उचलायच्या. म्हणजे कोपऱ्यात बसून आपले आपले गुण जमवता येतच नाहीत, दर खेपेला शेजाऱ्याच्या अंगावर जावंच लागतं. आठशे माणसांच्या बंद गावात, जिथे भांडण झालं तर दुसरीकडे राहायला जाता येत नाही, तिथे लोकांनी असा खेळ का धरून ठेवला असेल याचा विचार करा, मला वाटतं तुमचा समेट तिथेच सापडेल.

रुजला का, याचं एक कारण इथल्या मेनोनाइट आणि आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांत आहे. सेंट जेकब्सच्या बाजाराकडे गाडी चालवत गेलात तर रस्त्याला त्यांच्या घोड्याच्या बग्ग्या अजून दिसतात. पत्ते आणि नाच यांना ज्या घरांत मज्जाव होता त्या घरांतही हा खेळ निरुपद्रवी म्हणून चालला. फासे नाहीत, पत्ते नाहीत, आजोबा आणि नात एका पटावर बसू शकतात. दुसरं म्हणजे इथला हिवाळा. शेत महिनोन्महिने बर्फाखाली, संध्याकाळ पाचसाडेपाचलाच अंधारते, मग माणसं करणार काय.

गिरगावचा_स्ट्रायकर

क्रोकिनोल छान असेल पण मला कळत नाही कॅरम का नको? मराठी लेखिका, मराठी अंक, वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नखाला कॅरमची आठवण आहे, वाचकाला काहीच समजावून सांगावं लागणार नाही. आमच्या चाळीत गॅलरीत बल्ब लावून रात्री दोन दोनपर्यंत बोर्ड चालायचे, चौघं खेळणारे आणि दहा जण डोक्यावर उभे राहून सल्ले देणारे. वसाहतीत पण हेच होणार हो, माणूस कुठेही गेला तरी बघ्यांशिवाय टिचकीचा खेळ रंगत नाही, हे तुमच्या प्रसंगात नक्की घ्या. थंब शॉट मारणारा एक जण असतो, राणी घेऊन कव्हर न मिळाल्यामुळे तोंड पाडून बसलेला एक जण असतो, आणि एक जण असतो जो खेळत कधीच नाही पण पावडर टाकायचा मान त्याचा.

गोल पट ठेवायचाच असेल तर एक फरक लक्षात घ्या. कॅरममध्ये स्ट्रायकर वेगळा असतो, 15 ग्रॅमपर्यंत जड, आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, म्हणजे जड वस्तूने हलकी वस्तू ढकलायची. तो स्ट्रायकर दर वेळी हातात परत येतो. वॉटर्लूकर सांगतायत त्या खेळात मारलेली चकतीच पटावर राहते, म्हणजे तुमचा फटका आणि तुमची कमाई एकच वस्तू. त्यामुळे हात वेगळा पडतो, जोर काढून नाही चालणार, चकती नेमकी थांबवता यायला हवी. लिहिताना बोटांचं वर्णन करणार असाल तर हे डोक्यात असू द्या, कॅरमचा रिबाउंड मारणारा तिथे पहिले काही दिवस हरणारच.

आणि पावडर विसरू नका. बोरिक पावडरशिवाय पट म्हणजे खरकागद. पावसाळ्यात आमचा बोर्ड फुगायचा, सोंगट्या अडायच्या, मग इस्त्री गरम करून कापड ठेवून बोर्डावर फिरवायची पद्धत होती. तुमच्या शेतीच्या चाकात हवा कायम दमट असणार.

फिरकी_फिजिक्स

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण इथे बहुतेक लेखक ठरलेल्या जागी घसरतात. सगळे लिहितात की फिरत्या वसाहतीत चकती वळून जाते. जमिनीला समांतर ठेवलेल्या पटावर ती अजिबात डावीउजवीकडे वळत नाही. फिरण्याचा अक्ष जमिनीला समांतर आहे, त्यामुळे पटावर सरकणाऱ्या वस्तूवर कोरिओलिसचा (फिरत्या जागेत हलणाऱ्या वस्तूला जाणवणाऱ्या आभासी बळाचा) जो काही परिणाम होतो तो वर किंवा खाली होतो, आडवा होत नाही. म्हणजे बदलतं ते चकतीचं वजन!

तुमच्या चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 47 मीटर आहे. फिरतीच्या दिशेला कुणी मीटरभर प्रति सेकंद वेगाने चकती मारली तर ती चाकापेक्षा थोडी जास्त जोरात गोल फिरतेय, म्हणून पटावर जास्त दाबली जाते, सुरुवातीला साधारण चार टक्के जड. दाब वाढला की घर्षण वाढलं, चकती अलीकडे थांबणार. उलट दिशेला मारली तर तेवढीच हलकी, पलीकडे जाऊन थांबणार. अक्षाच्या दिशेने मारली तर काहीच फरक नाही. चकती मंदावते तसा फरकही कमी होत जातो, तो हिशेब धरूनसुद्धा फूटभर लांबीच्या हलक्या फटक्यात एका दिशेला आठनऊ मिलिमीटर कमी आणि दुसऱ्या दिशेला तेवढेच जास्त पडतात. प्रेक्षकाला दिसणार नाही, पण खेळणाऱ्याच्या बोटाला वर्षभरात नक्की कळेल. क्रोकिनोलची चकती सव्वा इंचाची आणि मधला खळगा त्याहून जेमतेम तीन मिलिमीटर मोठा असतो, म्हणजे आठनऊ मिलिमीटर ही किरकोळ गोष्ट नाही.

याचा अर्थ चार खुर्च्या सारख्या नाहीत. एक फिरतीकडे मारतो, त्याच्या समोरचा उलट, आणि बाकीचे दोघं अक्षाला धरून. पृथ्वीवरून नुकता आलेला चांगला खेळाडू पहिल्या दिवशी का हरतो हे सांगायला तुम्हाला वेगळं कारण शोधायची गरज नाही.

अजून एक छोटी गोष्ट, हवी तर घ्या. टेबलाच्या उंचीवरून चकती हातातून सुटली तर ती बरोबर खाली न पडता फिरतीच्या उलट बाजूला चारेक सेंटीमीटर सरकून पडेल. तिथे वाढलेली पोरं पडती चकती न बघता झेलतील, पृथ्वीवरच्या माणसाचा हात चुकीच्या जागी जाईल.

आणि कथा मंगळावर हलवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, गुरुत्व कमी झालं की चकत्यांची टक्कर तशीच राहते, फक्त घर्षण घटतं. तीच टिचकी, तोच पट, तर मंगळावर चकती अडीचपटीहून जास्त लांब जाईल. तिथे मेण लावायचं सोडा, पट मुद्दाम खरखरीत ठेवावा लागेल.

माती_पाणी

शेतीच्या बाजूने दोन शब्द. गिरगावकर दादांनी पावडर सांगितली, पण त्या वसाहतीत बोरिक पावडरला पहिल्या दिवसापासून बंदी असणार बघा. बोरॉन पिकाला लागतं पण अगदी चिमूटभर, आणि पुरेसं व जास्त यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. जास्त झालं की जुन्या पानांच्या कडा आणि शेंडे पिवळे पडून जळायला लागतात. उघड्या शेतात पाऊस येतो, जास्तीचं वाहून जातं. बंद चाकात तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरणार, पट पुसलेलं फडकं धुतलं की ते पाणी शेवटी वाफ्यातच येणार, आणि डाळींची पिकं तर बोरॉनला लवकर रडतात. एखाद्या घराने चोरून पावडर वापरली आणि सहा महिन्यांनी घेवड्याच्या पानांवरून पकडली गेली, असं भांडण तुम्ही लिहिलंत तर शेतकरी वाचक मान डोलावेल.

पावडरीऐवजी मेण. भाताच्या कोंड्याचं तेल काढताना एक कडक मेण निघतं, भात तिथे आहेच, त्याने पट घासायचा. मधमाश्यांचं मेणही असेल कारण परागीभवनाला माश्या ठेवाव्याच लागतील, पण ते बोटाला चिकट लागतं, पटाला नको. लाकूड मात्र फार महाग पडेल, झाड वाढवायला वर्षं जातात आणि जागा जाते. बांबू लावतील. बांबूच्या पट्ट्या चिकटवून फळी करायची आणि वर जवसाच्या तेलाचे हात द्यायचे, ते वाळून कडक होतं आणि ओलही थोडी रोखतं. चकत्याही बांबूच्याच, एका रंगाच्या नुसत्या, दुसऱ्या वाफेवर तापवून तपकिरी केलेल्या. रंगाची गरज नाही.

आता मला खटकलेली गोष्ट. वॉटर्लूकर म्हणाले ऑन्टारियोत हिवाळ्यात वेळ असतो. तुमच्या चाकात हिवाळा कुठला? दिवे आपले, तापमान आपलं, म्हणजे पेरण्या टप्प्याटप्प्याने होणार आणि दर आठवड्याला कुठे ना कुठे काढणी असणार. रिकामा हंगामच नाही. मग लोक खेळतात कधी, हे आधी ठरवा, खेळाची लांबी त्याच्यावरून ठरेल.

माझं मत विचाराल तर दारं धरताना. आमच्याकडे कालव्याचं आवर्तन आलं की रात्री शेतात जाऊन दारं धरावं लागतं, एक वाफा भरला की ते दार बंद करून दुसरं फोडायचं. त्या मधल्या वेळात माणूस बांधावर नुसता बसलेला असतो, लांब जाता येत नाही, झोपता येत नाही. तुमच्या वसाहतीत पाणी मोटारीने आणि झडपांनी जात असेल तरी पाळी असणार, आणि कुणाला तरी डोळ्यांनी बघत बसावं लागणार, कारण एक वाफा तुंबला तर नुकसान सगळ्यांचं. खेळ त्या दहापंधरा मिनिटांचा हवा. वाफा भरला की उठायचं, डाव अर्धा राहिला तर तसाच मोजायचा.

काळी_माती

बाप रे, केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! दारं धरण्याची कल्पना वाचली आणि कथेचा पहिला प्रसंग बदललाच, आता ती दोघं पाण्याच्या पाळीवरच भेटतात. गिरगावकर दादा, मी कॅरम नको म्हणतेय कारण चार कोपऱ्यांचा पट सगळ्यांना एवढा ओळखीचा आहे की वाचक लगेच चाळीत जाऊन बसेल, मला त्याला चाकातच ठेवायचंय. पण बघे आणि पावडर टाकणारा घेतलाय, आमच्याकडे तो मेण घासतो.

आत्ता ठरवलंय ते लिहिते, चुका काढा. खेळाचं नाव आठखुंटी. गोल बांबूचा पट, बाहेरून आत तीन वाफे, मध्ये विहीर, कडेने चारी. चौघं खेळतात, समोरासमोर भागीदार, प्रत्येकी सहा चकत्या. समोरच्याची चकती पटावर असेल तर तिला लागलंच पाहिजे, हा नियम तसाच घेतेय कारण वॉटर्लूकर म्हणाले ते अगदी पटलं. दर डावानंतर सगळ्यांनी उजवीकडे एक जागा सरकायचं, चार डावांचा एक खेळ, म्हणजे प्रत्येकाला चारही दिशा मिळतात. वाफा भरल्याची घंटा झाली की हातातली चकती मारून डाव थांबवायचा आणि पटावर असेल ते मोजायचं.

भांडण असं आहे की एक जण पाण्याची पाळी पैजेवर लावतो, हरेल त्याचा वाफा शेवटी भरायचा. हे पटतंय का?

माती_पाणी

पैज पटते, पण ती गावाला अजिबात खपणार नाही हे दाखवा. पाण्याची पाळी ही कुणा एकाच्या मालकीची नसते की लावली पैजेवर. शेवटच्या वाफ्यातलं पीक फक्त त्या घराचं नसून आठशे लोकांच्या जेवणाचं आहे. आमच्याकडे पाळी चुकवून कुणी दार फोडलं तर रात्री दोन वाजता बॅटऱ्या घेऊन माणसं गोळा होतात, आणि तिथे तर पाणी मोजून. माझ्या मते पैज हरलेल्यापेक्षा जिंकलेला जास्त अडचणीत यावा.

फिरकी_फिजिक्स

जागा सरकण्याचा नियम एकदम बरोबर बसलाय. फक्त घंटेने डाव मध्येच तुटला तर त्या डावाची दिशा वाया जाते, म्हणून पुढच्या पाळीला सगळ्यांनी त्याच जागांवर बसून पुढे सुरू करायचं असं ठेवा. म्हणजे कोण कुठे बसलं होतं ते लक्षात ठेवावं लागेल आणि त्यावरून वादही होतील, तुम्हाला हवेच आहेत.

वॉटर्लूकर

दोन गोष्टी राहिल्या. रेषेवर थांबलेली चकती नेहमी कमी गुणांच्या बाजूला धरतात, आणि विहिरीत पडलेली लगेच उचलून बाजूला ठेवतात, तिचे वीस पक्के, तिला मग कुणी उडवू शकत नाही. घंटेचा नियम ठेवणार असाल तर याचा परिणाम मोठा होईल, कारण पटावरच्या चकत्या शेवटपर्यंत धोक्यात असतात आणि विहिरीतल्या सुरक्षित, त्यामुळे घंटा जवळ आली की सगळे विहिरीकडे मारायला लागतील. पण समोरच्याची चकती पटावर असेल तर तसं मारता येणार नाही, आधी तिला लागावं लागेल. म्हणून चांगला खेळाडू घंटेच्या आधी आपली एक चकती खुंटीच्या मागे अशी दडवून ठेवेल की समोरच्याला ती लागणं मुश्किल आणि सोडून देणंही अशक्य.

शिवाय म्हाताऱ्या माणसांना काठी द्या. टॅव्हिस्टॉकच्या स्पर्धेत बोटाऐवजी छोट्या काठीने मारणाऱ्यांचा वेगळा गट असतो. आयुष्यभर मातीत राबलेल्या हातांची पेरं सुजलेली असतात, टिचकी मारली की कळ जाते. पहिल्या पिढीचे लोक काठीने खेळतायत आणि पोरं बोटाने, हे एका पटावर सहज दिसेल.

गिरगावचा_स्ट्रायकर

चला, आठखुंटी मान्य. काठीवाल्यांना बोटवाल्यांबरोबर भागीदार करा, वेगळं बसवू नका. काठीने जोर जास्त येतो पण थांबवता येत नाही, बोटाने उलटं, म्हणून जोडी चांगली जमेल, एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने बसवायचं. आणि ताई, चकत्या सगळ्या सारख्या वजनाच्या हव्यात. बांबूत गाठीजवळचा तुकडा जड येतो, दमट हवेत तो वेगळा फुगतो, त्यामुळे प्रत्येक घरात एखादी बदमाश चकती असणारच आणि घरातल्या लोकांना ती नुसत्या स्पर्शाने ओळखू येणार. पाहुण्याच्या वाट्याला ती द्यायची की आपण ठेवायची, एवढ्यावरून सुद्धा ते घर कसं आहे ते तुम्हाला दाखवता येईल. अंक आला की इथे सांगा, मी घेतोय.